जुनी फोर बाय फोर घेतलीय, खालून गंज दिसतोय. काळं कोटिंग मारून घेऊ का?

चिखलवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

महिन्यापूर्वी २८ वर्षं जुनी फोर बाय फोर घेतली. शिडीसारखी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), वर पत्र्याची बॉडी, मागे पुढे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). इंजिन मस्त आहे, गिअरबॉक्स थोडा कुरकुरतो पण ते चालायचं. वरून पेंट इतका छान की मी तिथेच विरघळलो आणि खाली वाकून बघायचंच राहिलं, आता हसू नका. परवा ओढ्यातून काढून आणली, धुतली आणि टॉर्च घेऊन खाली सरपटत गेलो तर चासी सगळीकडून तपकिरी, काही ठिकाणी नुसता रंग बदललाय पण मागच्या पाट्याच्या हँगरजवळ (पाटा चासीला जिथे टांगतात तिथे) चक्क पापुद्रे निघतायत, नखाने ओढला तर बिस्किटासारखा तुकडा हातात आला. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर खाली ओल, आणि ओढ्यात पाणी तेवढं वर आलंच नव्हतं.

आता तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एका वर्कशॉपवाल्याचं म्हणणं की सकाळी गाडी आणा, प्रेशरने धुतो, हवा मारतो, संध्याकाळपर्यंत खालून जाड रबरी काळं कोटिंग मारून देतो, पुढची दहा वर्षं बघायला नको. मित्र म्हणतो बॉडी उतरव आणि चासी गॅल्व्हनाइज करून घे, म्हणजे तिला जस्ताचा थर चढवून घे. तिसरा म्हणतो काही करू नको, जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, तुझ्यानंतरही राहील.

मला वेल्डिंग येत नाही, ग्राइंडर चालवता येतो, सुट्टीचे दोन दिवस हाताशी असतात. गाडी शोसाठी नाहीये, चिखलात जाणारच आहे. काय करू? काळं कोटिंग मारून मोकळा होऊ का?

पाना_तेरा

भाऊ थांबा, कोटिंगवाल्याला आधी नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

सकाळी धुऊन संध्याकाळी कोटिंग म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवण्यातला प्रकार. चासीचे सांधे, दुहेरी पत्रे, बोल्टांच्या मागच्या फटी एका दिवसात वाळत नाहीत. वर जाड काळा थर बसला की आतलं पाणी आतच, आणि पुढे तो थर कडक होऊन कुठेतरी तडकतो, दगड लागून उडतो, तिथून नवीन पाणी शिरतं पण बाहेर यायला वाट नाही. आधीची माझी गाडी अशीच होती, खालून बघितली की आरशासारखी काळीभोर, मी चार लोकांना कौतुकाने दाखवायचो. एक दिवस टायर बदलायला जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच चासीत घुसला. कोटिंग शाबूत होतं हो, आतलं लोखंड तेवढं गेलं होतं.

तुम्ही पहिलं काम हे करा. मध्यम हातोडी घ्या आणि चासी पुढून मागे वाजवत जा. चांगलं लोखंड ठणठण वाजतं, कुजलेलं भद्द करतं, दोन्हीतला फरक कान दहा मिनिटांत शिकतो. जिथे भद्द वाजलं तिथे खडूने गोल करा आणि जाड स्क्रूड्रायव्हरने जोर लावून टोचून बघा. आत गेला तर वाईट वाटून घेऊ नका, रस्त्यावर कळण्यापेक्षा बरं. पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा), बॉडी ज्या कानांवर बसते ते कान, टाकीच्या वरची बाजू (तिथे कोणी बघत नाही आणि चिखल थापून बसतो), बॅटरीचा ट्रे, स्टीअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलाय ती जागा, आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) असेल तर त्याचं बसकणं, हे सगळं वाजवा. फक्त ब्रेकच्या नळ्यांपासून हातोडी लांब ठेवा, जुन्या स्टीलच्या नळ्या आधीच गंजून पातळ झालेल्या असतात.

मग चासीच्या पोटाला भोकं शोधा. पाणी निघून जावं म्हणून कंपनीने दिलेली असतात आणि नव्वद टक्के गाड्यांमध्ये ती बुजलेली असतात (हा आकडा माझा, अभ्यास वगैरे नाही). वाकवलेली तार घालून मोकळी करा, मग वरच्या भोकातून पाण्याची नळी आत घाला आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. माझ्या आत्ताच्या गाडीतून पहिला अर्धा तास नुसता चहाच्या रंगाचं पाणी आलं, त्यानंतर वाळू, पानं, आणि एक उंदराचं घरटं. मोबाइलला लागणारा लांब वायरीचा कॅमेरा मिळतो तो आत घालून बघा, भीतीदायक पण उपयोगी.

कार्पेटखालची ओल ओढ्याची नाही, वरून येतेय. काचेच्या रबराखालून नाहीतर काचेखालच्या जाळीतून. कार्पेट आधी बाहेर काढून टाका, परत बसवूच नका, रबरी मॅट टाका, उचलून बघता येते.

लोह_आणि_लोखंड

पाना दादांना +१. थोडं 'का' ते सांगते, मी पेशाने धातूंच्या कामातली आहे आणि घरी एक जुनी जीप-टाइप गाडी पण पोसतेय.

गंजाला तीन गोष्टी लागतात, लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. मीठ स्वतः लोखंड खात नाही, ते पाण्याला वीज वाहून न्यायला मदत करतं त्यामुळे सगळं भराभर होतं. शिवाय मीठ ओल धरून ठेवतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की साध्या लोखंडावर गंज वेग घेतो असं ढोबळमानाने धरतात, पण समुद्राच्या मिठात आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही हवेतलं पाणी ओढून ओलं राहतं. म्हणजे गाडी तुम्हाला वाळलेली दिसते, मीठ बसलेल्या फटीत मात्र ओल चालूच. म्हणून किनाऱ्यावर किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी गेली तर लगेच खालून धुवायची, भरपूर साध्या पाण्याने. प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यात जवळून मारायचा नाही, तो मीठ काढतो कमी आणि आत ढकलतो जास्त.

दुसरं म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक वेल्ड केलेत आणि मध्ये गंज चढला की तो पत्र्यांना आतून फाकवतो, फट वाढते, अजून पाणी. तुमच्या हँगरजवळचे पापुद्रे हेच आहेत. तिथे वरून काहीही फासलं तरी आतलं थांबत नाही.

चासी बाहेरून आत कुजते त्यापेक्षा आतून बाहेर जास्त कुजते. त्यामुळे खालच्या दिसणाऱ्या भागाला काय मारू हा प्रश्न दुय्यम, आधी पोकळीत काय सोडणार ते ठरवा. पोकळीसाठी मेणाचे किंवा लॅनोलिनचे प्रकार येतात, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. वॅक्सॉयल, डिनिट्रॉल हे मेणवाले, फ्लुइड फिल्म लॅनोलिनवालं. लांब लवचिक नळीच्या टोकाला चारी बाजूंनी फवारणारं नोझल असतं, ती नळी चासीत शेवटपर्यंत घालायची आणि फवारत फवारत मागे ओढायची. हे पातळ असताना सांध्यात झिरपतं आणि नंतरही मऊ राहतं, तडकत नाही, ओरखडा आला तर थोडंफार परत सरकून झाकतं. तोटा म्हणजे कायमचं नाही. लॅनोलिनवालं बाहेरच्या बाजूला दरवर्षी मारावं लागतं कारण चिखलपाण्यात धुऊन जातं, पोकळीतलं जास्त टिकतं. आणि रबरी बुश (सांध्यांमधली रबरं), ब्रेकची डिस्क, सायलेन्सर यावर उडू द्यायचं नाही. तेलकट पदार्थांनी साधं रबर फुगतं, ब्रेकचं तर सांगायलाच नको.

बाहेरच्या भागासाठी माझी पद्धत: सुटणारं सगळं वायर ब्रशने, खरवडणीने काढायचं, ग्रीस काढायचं, धुवायचं, आणि उघड्या हवेत नीट वाळू द्यायचं, माझ्याकडे कमीत कमी तीनचार दिवस. मग जिथे घट्ट बसलेला पातळ गंज उरलाय तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं रूप बदलणारं द्रावण. फॉस्फोरिक ॲसिडवाला गंजाचं आयर्न फॉस्फेट करतो, टॅनिक ॲसिडवाला निळसर काळा थर बनवतो. दोन्ही पातळ गंजावरच चालतात, जाड पापुद्र्यावर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज मजेत राहतो, लोक इथेच फसतात. त्यावर टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, मग चासी पेंट. नुसतं रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) मारून महिनोन्महिने ठेवू नका, ओल त्यातून आरपार जाते. आणि झिंकवाला प्रायमर कन्व्हर्टरवर मारून उपयोग नाही, झिंक उघड्या स्वच्छ लोखंडाला टेकलं तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं.

जुनं_ते_सोनं

एवढी केमिस्ट्री कशाला राव. आमच्याकडे आजोबांपासून जळकं ऑइल फासतात खालून, इंजिनमधून निघालेलं. फुकटात काम. गाड्या अजून चालू आहेत.

लोह_आणि_लोखंड

चालू असतील, तेलाने गंज थांबतो हे खरंच आहे, नाही म्हणतच नाही मी. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले घातक पदार्थ असतात, कातडीला सतत लागलं तर कॅन्सरचा धोका आहे, त्यात ॲसिडपण साठलेलं असतं, आणि ओढ्यातून गाडी काढली की ते सगळं पाण्यावर तवंग होऊन जातं. ज्या ओढ्यात मजा करायला जायचं त्यातच ते सोडायचं? तेलच फासायचंय तर लॅनोलिन घ्या, काम तेच, खाली झोपून फवारताना तोंडावर पडलं तर निदान मेंढीचा वास येईल एवढंच.

जुनं_ते_सोनं

मेंढीचा वास आमच्या हिला चालणार नाही 😄 बरं बघतो. बुश फुगायचे ते मात्र खरंय, आम्हाला वाटायचं पार्टच हलका मिळतो हल्ली.

पत्र्याचा_डबा

गॅल्व्हनाइजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. मी केलंय, चासी. परत करेन का? विचारू नका.

रिझल्ट भारी आहे हे आधी सांगतो. आधी ॲसिडच्या टाकीत धुतात, मग अख्खी चासी ४५० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवतात, आतून बाहेरून दोन्हीकडून जस्त चढतं, जिथे तुमचा ब्रश किंवा फवारा कधीच पोचणार नाही तिथेही. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं. पण त्यासाठी गाडी म्हणजे अक्षरशः शून्य करावी लागते. बॉडी उतरवताना दहापैकी सात बोल्ट तुटले. चासीला जिथे वेल्डिंग लागणार ते आधीच करून घ्यायचं, कारण नंतर जस्तावर वेल्ड केलं की त्याचा धूर अंगात जाऊन ताप येतो, आमच्या वेल्डरने हे एकदा भोगलंय, तो घासून जस्त काढल्याशिवाय हात लावत नाही. चासीत हवा आणि जस्त जायला यायला भोकं पुरेशी नसतील तर पाडून घ्यावी लागतात, बंद पोकळीत अडकलेलं पाणी त्या उष्णतेला फुटतं, प्लांटवाले त्याशिवाय घेतच नाहीत. सगळे आटे जस्ताने भरून येतात, प्रत्येक भोकात परत टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. आणि नव्या चकचकीत जस्तावर साधा पेंट धरत नाही, आधी खास वॉश मारावा लागतो.

दोन सुट्ट्यांचं काम म्हणून सुरू केलं होतं, चौदा महिने गाडी खोक्यांमध्ये होती. तुमची चासी खरंच कुजली असेल आणि बॉडी उतरवायचीच असेल तर करा, नाहीतर मेण.

जाता जाता, ॲल्युमिनियमची बॉडी असली की गंज नाही असं समजणारे खूप आहेत. १९४८ ची पहिली लँड रोव्हर युद्धानंतर स्टीलची टंचाई होती म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यात काढली, पण चासी स्टीलचीच होती. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट पाणी आलं की ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झिजायला लागतं. त्यामुळे तिथे मधे पॅकिंग किंवा लेप लागतोच. तुमची स्टीलच्या पत्र्याची आहे म्हणजे निदान हा ताप नाही, दुसरे आहेत.

चिखलवाट

सगळ्यांचे आभार, कोटिंगवाल्याला नाही सांगितलं, तो थोडा नाराज झाला.

दोन दिवस खाली झोपून होतो. रिपोर्ट असा की पुढचा भाग आणि मधला भाग ठणठण वाजतोय, बाहेरचा गंज वायर ब्रशने निघून खाली घट्ट लोखंड आलं. मागे उजव्या हँगरच्या वर भद्द. स्क्रूड्रायव्हर गेला, म्हणजे गेलाच, मुठीपर्यंत. भोक आता साधारण अंगठ्याएवढं आहे पण कडेचं पण पातळ वाटतंय. बायको वरून विचारत होती कसला आवाज आला, मी म्हटलं काही नाही गाडीने तोंड उघडलं.

कार्पेटखाली पत्र्याला सुईच्या टोकाएवढी पाच सहा भोकं आहेत. काचेवर पाणी सोडून बघितलं, दोन मिनिटांत डाव्या कोपऱ्यातून रबराखालून थेंब. म्हणजे पाना दादा बरोबर.

प्रश्न: १) त्या भोकावर फायबर किंवा लांबी (पुट्टी) भरून वर मेण चालेल का? २) मेण आधी की वेल्डिंग आधी? ३) एक जण बॅटरीला जोडायचा डबा सुचवतोय, करंट सोडून गंज थांबवतो म्हणे, कापाकापीच नको. खरंय का?

पाना_तेरा

१) नाही नाही नाही. चासीवर लांबी भरणं म्हणजे मोडक्या पायाला बँडेडची पट्टी. त्या हँगरवर अख्ख्या गाडीचा मागचा भार येतो आणि तुम्ही तर चिखलात उड्या मारणार. कुजलेला भाग चांगलं जाड लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवून पूर्ण वेल्ड. कुजक्यावर ठिगळ वेल्ड करून देणारे भेटतील, ते घेऊ नका, वेल्डला धरायला खाली काही नसतं आणि ठिगळाच्या आत नवीन ओलीची खोली तयार होते. चासीचं काम करणारा नीट वेल्डर गाठा. पायाखालचा पत्रापण त्याच्याकडूनच करून घ्या, सीटबेल्टचा बोल्ट जवळ आहे का ते बघा, असेल तर तिथे अजिबात तडजोड नको.

२) वेल्डिंग आधी, मेण सगळ्यात शेवटी. मेण आणि त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं, पोकळीत मेण असताना बाहेरून वेल्ड केलं तर आत आग लागते आणि ती दिसतपण नाही. बॅटरीची वायर काढायची, टाकी आणि नळ्या जवळ असतील तर उतरवायच्या. ब्रेकच्या नळ्या उतरवताय तर तांबं-निकेलच्या टाका, त्या अशा गंजत नाहीत, वाकवायला पण सोप्या. ब्रेक ऑइल किती वर्षं बदललं नाही तेही विचारा स्वतःला, ते हवेतलं पाणी शोषतं आणि नळीला आतून खातं.

३) ताईंना विचारा, मी बोललो तर शिव्या येतील.

लोह_आणि_लोखंड

डब्याबद्दल. जहाजाला, जमिनीत पुरलेल्या पाइपला करंट देऊन गंज थांबवतात हे खरं आहे आणि उत्तम चालतं. पण तिथे अख्खं लोखंड पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेलं असतं, त्या पाण्यातून सर्किट पूर्ण होतं. गाडी हवेत उभी असते. हवेतून करंट कसा जाणार? दोन थेंब इथे, तीन थेंब तिथे, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. गाडी कायम ओढ्यात उभी ठेवणार असाल तर विचार करू 🙂

पाना दादांच्या वेल्डिंगमध्ये एक भर, वेल्ड झाल्यावर त्या जागेचा आतला पेंट जळून गेलेला असतो, नवं लोखंड तिथे उघडं पडतं आणि लोक बाहेरून पेंट मारून विसरतात. पुढचा गंज बरोबर वेल्डच्या मागे येतो. म्हणून थंड झाल्यावर लगेच तिथे आतून फवारा मारायचा, बाकी चासीला नंतर मारलं तरी चालेल.

आणि मेण मारल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तार घेऊन पाण्याची भोकं परत मोकळी करायची, मेणाने ती बुजतात आणि मग आपणच टाकी तयार केलेली असते. गाडी कुठे ठेवता? ओली आणून बंद गरम गॅरेजमध्ये लावत असाल तर त्यापेक्षा वरून छप्पर असलेल्या उघड्या जागेत लावा, वारा लागला पाहिजे. उबेत गंज भराभर चढतो. ताडपत्री अंगाला चिकटवून तर अजिबात नको.

चिखलवाट

ताडपत्रीच आहे सध्या 🙈 काढतो.

वेल्डर मिळालाय, पुढच्या आठवड्यात गाडी जातेय. तोपर्यंत भोकं शोधायचं काम चालू ठेवलंय. मागच्या क्रॉसमेंबरला उजवीकडे एक सापडलं, मोकळं केलं, डावीकडे मात्र नाहीच आहे. कंपनीने एकाच बाजूला दिलं असेल का?

पाना_तेरा

दोन्हीकडे असणार. उजव्या भोकाचं कडेपासूनचं अंतर मोजा आणि डावीकडे तेवढ्याच अंतरावर टोच्याने खरवडा, जुन्या कोटिंगखाली गेलं असेल.

चिखलवाट

सापडलं. वर जुन्या कोटिंगचा थर होता, पाव इंच तरी असेल. टोच्या आत गेला आणि बाहीतून कोपरापर्यंत पाणी आलं, धरून मगभर तरी असेल, वास विचारू नका. गाडी ओढ्यातून काढून तीन आठवडे झालेत.